चार चौकोनांचा खो-खो : बालगटाच्या सरावाच्या प्रकल्प नोंदी

१७ जून २०२४

शनिवारी शाळा उघडल्या आणि आजपासून १० ते १३ वर्षांच्या मुलामुलींचा संध्याकाळचा खो-खो सराव नव्या आखणीनुसार सुरू झाला. मैदान धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातल्या शाळेचे आहे. मंडळाने हे काम एका हंगामाचा प्रकल्प म्हणून माझ्याकडे सोपवले असून फेब्रुवारीत कार्यकारिणीच्या बैठकीत या नोंदी वाचल्या जाणार आहेत. म्हणून काय केले याबरोबरच ते का केले हेही लिहून ठेवीत आहे.

अडचण जुनीच आहे. जूनमध्ये मैदानात मावत नाहीत इतकी मुले येतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांतली बरीचशी परत येत नाहीत. याचे खापर मोबाइलवर फोडून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मला ते पटत नाही. खो-खोच्या आक्रमणात नऊ गडी असतात. त्यांतला एक पळतो आणि आठ जण चौकोनांत बसून असतात. मोठ्यांच्या सामन्यात खो सतत फिरत राहतो, त्यामुळे बसलेल्यालाही आपली पाळी कोणत्या क्षणी येईल याचा नेम नसतो आणि तो जागा राहतो. मुलांच्या खेळात मात्र दोन-तीन चपळ गडी आपापसांतच खो फिरवतात, आणि जो जरा उशिरा उठतो त्याच्या पाठीमागून सगळे निघून जातात. पाचवीतला एक मुलगा गेल्या आठवड्यात पाळी संपल्यावर बसल्या जागेवरूनच म्हणाला, "सर, मला कुणी खोच देईना." पूर्ण पाळी त्याने उकिडवे बसून समोरच्या मातीत काडीने रेघोट्या मारल्या होत्या. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला खेळ सर्वांत कमी येतो, आणि असा मुलगा दिवाळीनंतर आला नाही तर त्यात मोबाइलचा दोष काय?

या जिल्ह्यात खो-खोला मान आहे. इथल्या सारिका काळे यांनी २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. या मानाचा फायदा असा की मुलींना मैदानावर पाठवायला घरून फारशी आडकाठी होत नाही. तोटा असा की दहा वर्षांच्या पोराकडेही घरचे लोक सरकारी नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणाच्या नजरेने पाहू लागतात.

हंगामभर वहीत दोनच गोष्टी नोंदवायच्या ठरवल्या आहेत : कोण आले आणि कोणाला खो मिळाला नाही. धावण्याच्या आणि उड्यांच्या चाचण्या यंदा बाजूला ठेवल्या. त्या चाचण्यांनी आज कोण पुढे आहे एवढेच कळते, आणि ते तर न मोजताही दिसते.

२४ जून

मोठ्यांचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. तेवढ्याच जागेत फक्की मारून आडवी तीन छोटी मैदाने आखली. प्रत्येकात दोन खांब १० मीटर अंतरावर, मध्ये दोन-दोन मीटरवर चार चौकोन, आणि खांबांच्या मागे दोन्हीकडे तीन-तीन मीटर मोकळी जागा. खांब म्हणून जाड वेळू पुरले, वरची टोके घासून घेतली आणि त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळल्या. आखण्यापूर्वी सगळ्यांना ओळीत उभे करून मैदानातले सराटे वेचून घेतले; बरीच मुले अनवाणी पळतात, त्यामुळे हे काम रोजच करावे लागणार आहे.

एका मैदानात आक्रमणाला पाच जण, म्हणजे चार बसलेले आणि एक पळणारा, आणि संरक्षणाला तीन. पाळी दोन मिनिटांची. पाळी संपली की संरक्षक बसायला येतात आणि बसलेल्यांतले तिघे पळायला जातात. अशा रीतीने चोवीस मुले एकाच वेळी खेळात असतात आणि कडेला रांग लावून उभे राहणारा कोणी उरत नाही. नियमांपैकी सध्या तीनच कटाक्षाने पाळायचे : खो मिळण्याआधी उठायचे नाही, खो पाठीमागूनच द्यायचा आणि पळणाऱ्याने मधली पट्टी ओलांडायची नाही. खांद्याची दिशा बदलल्याचा, म्हणजे एकदा घेतलेली दिशा सोडून मागे वळल्याचा फाऊल पुढच्या महिन्यापासून धरू. पहिल्याच आठवड्यात दर चार पावलांवर शिट्टी वाजली, तर पोरांना शिट्टीचीच धास्ती बसते.

चार चौकोनांत कोणाला टाळून जाणे अवघड असते, कारण टाळायला दुसरे कोणी नसतेच. मघाचा पाचवीतला मुलगा आज प्रत्येक पाळीत उठला. दोनदा खो मिळाल्यावर त्याने चुकीच्या बाजूला धाव घेतली आणि तिसऱ्यांदा मात्र समोर तोंड करून बरोबर निघाला. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तीन मैदानांतला गोंगाट ऐकून कडेला उभे असलेले एक जुने खेळाडू म्हणाले की हा सराव आहे की आठवडी बाजार, तेच कळेना. गोंगाट होता हे खरे, पण त्यातला बहुतेक आवाज "खो" याच शब्दाचा होता.

ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये मांडले की मुलांना आधी त्यांच्या आवाक्यातला, लहान केलेला खेळ द्यावा, त्यात काय साधायचे आहे ते त्यांना उमगू द्यावे आणि एखादे तंत्र त्यांना लागू लागले की मग शिकवावे. आपल्याकडचा क्रम उलटा आहे : आधी महिनाभर बैठका, उठणे, खांबावर वळणे, आणि खेळ शेवटच्या दहा मिनिटांत, तोही सगळे नीट वागले तर.

छोट्या मैदानाला मर्यादाही आहेत. आठ चौकोनांमधून नागमोडी पळत एकेरी साखळी खेळताना दम राखावा लागतो, तो इथे शिकता येत नाही. लांबून वेग घेऊन खांबावर सूर मारणेही जमत नाही. म्हणून आठवड्यातून एक दिवस मोठे मैदान ठेवले आहे.

८ जुलै

पाऊस लागून राहिला आहे. काळ्या मातीचे मैदान, वर मुरमाचा पातळ थर. एकदा भिजले की पायाला किलो-किलो चिखल. शाळेच्या व्हरांड्यात सराव घेतला.

व्हरांड्यात पळता येत नाही, पण उठता येते, आणि आक्रमणाचे निम्मे काम उठण्यात आहे. सहावीतली एक मुलगी खो मिळाला की आधी सरळ उभी राहते, मग पुढे झुकते आणि मग पळते. तेवढ्या वेळात पळती, म्हणजे संरक्षणातली मुलगी, दोन चौकोन पुढे गेलेली असते. तिच्या पायांकडे बारकाईने पाहिले तर कारण दिसते : दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, वजन मागे, हात मांडीवर निवांत. अशा बैठकीतून शरीर वरच जाणार. पुढे जायला त्याला वावच नसतो.

"वर उठू नकोस, पुढे नीघ" असे तिला आजवर पुष्कळदा सांगून झाले असणार. मी सांगितले नाही. तिच्या मागे एका मुलीला टेनिसचा चेंडू घेऊन उभे केले. मागच्या मुलीने "खो" म्हणत पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी चेंडू तिच्या बाजूने पुढे घरंगळत सोडायचा. समोरच्या खडूच्या रेघेपर्यंत चेंडू पोहोचण्याआधी तो पकडायचा. सुरुवातीला चेंडू निसटत राहिला. मग तिने आपणहून टाचा उचलल्या, एक पाय किंचित पुढे घेतला आणि बोटांची टोके फरशीवर टेकवली. चेंडू हातात आला तेव्हा तिचे डोके खांद्यापेक्षा वर गेलेले नव्हते. तिने लगेच मागच्या मुलीला सांगितले, "आता जोरात सोड." काम अवघड करून घेण्याची ही मागणी माझ्या लेखी आजच्या दिवसाची कमाई आहे. सरावातली मजा म्हणतात ती याहून फार वेगळी नसावी. विनोद करून किंवा गाणी लावून ती वरून पेरता येत नाही.

घरी जाताना ती चेंडू मागून घेऊन गेली.

२२ जुलै

आज एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी सराव पाहिला. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. माझी पिढी त्यांच्याच हाताखाली घडली. त्यांचे म्हणणे असे पडले की खांबावर वळण्याचा हात बसायला एकच कृती शंभर वेळा करावी लागते आणि तीन मैदानांच्या या धांदलीत ती कोणाचीच होत नाही. मी त्यांना उलट बोललो नाही, कारण त्यांचा अनुभव मोठा आहे. पण मला वाटते ते इथे लिहितो.

अमेरिकेतील जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये केलेला एक प्रयोग शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात अजून शिकवला जातो. लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने हाताने पाडायचे तीन प्रकार होते. एका गटाने एक प्रकार पूर्ण घोटून मग दुसरा घेतला, तर दुसऱ्या गटाने तिन्ही प्रकार सरमिसळ केले. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. काही काळ जाऊ देऊन पुन्हा पाहिले तेव्हा सरमिसळ करणारा गट पुढे होता. भाऊंना जे दिसते ते खोटे नाही : एकच वळण घोटून घेतले तर त्या संध्याकाळी ते देखणे दिसतेच. पण सामन्यात कोणी एकामागून एक वळणे घेत नाही. खांबापर्यंत येईपर्यंत पळती कोणत्या बाजूला झुकली, वळावे की शेवटच्या चौकोनाला खो देऊन मोकळे व्हावे, वळलोच तर कोणत्या हाताने खांब धरावा, हे सगळे एका क्षणात ठरते. घोटलेल्या वळणात हे ठरवणेच वगळले जाते.

तरीही भाऊंचे एक म्हणणे मी घेतले. खांब धरताना बरीच मुले थांबतात आणि मग वळतात. हात ताठ ठेवून अंग बाहेरच्या बाजूला झोकून दिल्याशिवाय वेग टिकत नाही, आणि हे झोकून देणे भीतीमुळे खेळता खेळता येत नाही. त्यासाठी सरावाच्या सुरुवातीला पाच मिनिटे खांबाभोवतीच घालवायची, दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंनी, आणि ती भाऊंनी घ्यायची. ते आनंदाने तयार झाले.

५ ऑगस्ट

मुलांनी स्वतःच एक नियम काढला. एका मैदानात आठवीत जाऊ घातलेला एक मुलगा इतका वेगवान आहे की खो न देता तो एकटाच तिघांना बाद करतो आणि बाकीचे चौघे बसून राहतात. दुसऱ्या मुलांनी तक्रार आणली. मी विचारले, मग काय करायचे? पुष्कळ वादावादीनंतर ठरले : खो न देता दोन चौकोन ओलांडले, तर पुढे बाद केलेला गडी धरायचा नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी न बघताच पहिल्या चौकोनाला खो देण्याचा सपाटा लावला, तेव्हा संरक्षकांची चंगळ झाली. दोन-तीन दिवसांत त्यांच्या लक्षात आले की खो द्यायची घाई करून उपयोग नाही. पळती ज्या बाजूला चालली आहे त्या बाजूला तोंड करून बसलेल्यालाच खो दिला पाहिजे. तो वेगवान मुलगा आता मान वळवून कोण कुठे बसले आहे ते पाहू लागला आहे. अशी मान तो पूर्वी कधी वळवीत नसे, कारण त्याला गरजच पडत नव्हती.

खो देण्याचा निर्णय हा या खेळाचा गाभा आहे, आणि तो बाहेरून ओरडून देता येत नाही. "खो दे, खो दे" असे आम्ही प्रशिक्षक कडेने ओरडतो तेव्हा मूल आमचे ऐकते आणि पळतीकडे पाहणे सोडते. म्हणून यापुढे पाळी चालू असताना कडेने सूचना द्यायच्या नाहीत, असे आम्ही तिघा प्रशिक्षकांनी ठरवले आहे. पाळी संपल्यावर एकच प्रश्न विचारायचा, उदाहरणार्थ, "तू खो दिलास तेव्हा ती कुठे होती?" उत्तर आले नाही तरी चालते. पुढच्या पाळीत ते मूल पाहते.

बोलण्याचा परिणाम किती होतो याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉल लीगमधल्या काही प्रशिक्षकांना रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांशी कसे बोलावे, प्रयत्नाला दाद कशी द्यावी, चूक झाल्यावर धीर देऊन नेमके काय करायचे ते कसे सांगावे, याचे छोटे प्रशिक्षण दिले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या प्रशिक्षकांच्या मुलांपैकी ५ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला होता; प्रशिक्षण न घेतलेल्यांकडे हेच प्रमाण २६ टक्के होते. दोन्हीकडच्या संघांच्या हार-जितीत मात्र फरक नव्हता. आमच्या मैदानाला हे आकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही, पण मुले जिंकणाऱ्या संघात टिकतात आणि हरणाऱ्यातून जातात, हा आपला सर्वमान्य समज त्यामुळे डळमळतो.

२० ऑगस्ट

काल राखी पौर्णिमा, मैदान ओस. आजही हजेरी कमीच.

सातवीतल्या एका मुलाची उंची उन्हाळ्यापासून झपाट्याने वाढली आहे. त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, दाबले की दुखणारा उंचवटा आला आहे. उकिडवे बसताना आणि एकदम उठताना दुखते, म्हणजे नेमके खो-खोत जे सतत करावे लागते तेच. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासून ऑसगुड-श्लॅटर असल्याचे सांगितले. वाढत्या वयात हाड वाढत असताना मांडीच्या स्नायूंचा ताण त्या कोवळ्या जागी पडतो. वाढ पूर्ण झाल्यावर त्रास बहुधा जातो, पण तोवर दुखेल असा भार कमी ठेवावा लागतो. "दुखलं तरी बसून राहा, सवय होईल" हा मैदानावरचा नेहमीचा सल्ला इथे चुकीचा आहे.

त्याला घरी बसवले असते तर तो परत आला नसता. मुलांना विचारून त्याच्यापुरता नियम केला : त्याने चौकोनात गुडघ्यांवर हात ठेवून उभ्यानेच खो घ्यायचा. हा अन्याय आहे असे एकाही मुलाला वाटले नाही. मोठ्यांपैकी दोघांना वाटले.

४ सप्टेंबर

पोळा झाला, गणपतीची गडबड सुरू होण्याआधी पालकांची बैठक घेतली. शालेय स्पर्धांची तालुका फेरी जवळ आली आहे आणि निवडीवरून कुजबुज सुरू झाली आहे.

पालकांची पहिली विचारणा अपेक्षेप्रमाणे होती : दहावीला खेळाचे गुण मिळतील ना? पाचवीतल्या मुलीच्या वडिलांनी हे विचारले. ते चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. कोरडवाहू शेती असलेल्या घरात मुलाच्या प्रत्येक तासाचा हिशेब होतो आणि तो होणारच. मी त्यांना इतकेच म्हटले की ते गुण मिळण्यासाठी मुलगी दहावीपर्यंत खेळत राहिली पाहिजे, आणि ती आणखी पाच वर्षे रोज संध्याकाळी आपल्या पायांनी मैदानावर येईल की नाही, हे यंदा तिला इथे कसे वाटते यावर ठरणार आहे. हा युक्तिवाद त्यांना पटला. मला तो पूर्ण आवडत नाही, कारण त्यात मुलीचा आनंद हा गुणांकडे जाण्याचा रस्ता ठरतो. पण बैठकीत जो युक्तिवाद चालतो तोच करावा लागतो.

नॉर्वेचे उदाहरण सांगितले. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्येच बालक्रीडेसाठी नियम केले. अकरा वर्षांखालील मुलांच्या निकालांच्या क्रमवाऱ्या लावायच्या नाहीत आणि तेरा वर्षांपूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. एवढे असूनही त्या छोट्या देशाचे खेळाडू हिवाळी ऑलिंपिकच्या पदकतालिकेत सर्वांत वर असतात. एका आजोबांनी विचारले, "तिथं बर्फ आहे, इथं काय आहे?" सगळे हसले, आणि त्यांचा मुद्दा तसा बरोबरही आहे. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांचा सर्वांत लहान गट १४ वर्षांखालील आहे आणि त्यात १० वर्षांचे मूल १३ वर्षांच्या मुलापुढे उभे राहते. ती रचना आपल्या हातात नाही, घरी पोचल्यावर पहिला प्रश्न "किती गडी मारलेस?" हा विचारायचा की "आज काय खेळलात?" हा, एवढे आपल्या हातात आहे. सामन्याच्या वेळी कडेने सूचना ओरडायच्या नाहीत, हेही सर्वांनी मान्य केले. पाळतील किती, ते दिसेलच.

१९ सप्टेंबर

तालुका फेरी झाली. मुली उपांत्य फेरीत हरल्या, मुले त्याआधीच. संघातल्या प्रत्येकाला किमान एका पाळीत उतरवायचे असे आधीच सांगितले होते आणि तसे केले. उपांत्य सामन्यात शेवटच्या पाळीत नवख्या मुली चौकोनांत होत्या, त्यावरून कडेला बरीच नाराजी झाली. त्यांतल्या एकीने खांबाजवळच्या चौकोनातून उठून, चेंडूच्या खेळातल्यासारखी खाली वाकून, पहिल्या दोन पावलांतच गडी बाद केला. नाराज मंडळींनी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण त्यांचे मत बदलले असे मी समजत नाही.

७ ऑक्टोबर

मुलांना चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता, सरावात काय आवडते आणि काय नाही ते लिहायला सांगितले. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील अमांडा व्हिसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडून खेळात मजा कशामुळे येते याची कारणे जमवली होती. ती ८१ निघाली. त्यांच्या क्रमवारीत मनापासून प्रयत्न करणे, खिलाडूपणा आणि चांगला प्रशिक्षक ही कारणे वर होती आणि जिंकणे बरेच खाली होते. आमच्या चिठ्ठ्यांत "जिंकणे" आहेच, ते कसे नसेल. पण "हूल दिली आणि ती फसली", "सूर", "भाऊ खांबावर फिरवतात ते", "वजीर" असे नेमके क्षणच जास्त आहेत. न आवडणाऱ्यांत "वाट बघणे" आणि "नाव घेऊन ओरडणे". एका चिठ्ठीवर फक्त "सराटे".

वजीर हे दूरचित्रवाणीवरच्या अल्टिमेट खो-खो लीगचे देणे आहे. तिथे वजीर म्हणून नेमलेल्या आक्रमकाला कोणत्याही दिशेने पळण्याची मोकळीक असते. आमच्या मुलांनी ते छोट्या मैदानात आणले असून वजीर कोण हे चिठ्ठी टाकून ठरते. मूळ नियमांच्या अभिमान्यांना हे खटकेल. मला त्यात एक सोय दिसते : दिशेचे बंधन सुटलेल्या गड्यापुढे पळताना संरक्षकाला कडेच्या जागेचा अंदाज घ्यावाच लागतो. एरवी तो शिकवायला माझ्याकडे चांगला उपाय नव्हता.

सूर शिकवणे लांब उडीच्या वाळूच्या हौदात सुरू आहे. पावसाने बसलेली वाळू आधी फावड्याने उकरून मोकळी करावी लागते, नाहीतर हनुवटी फुटते. प्रथम गुडघ्यांवर बसून, हात पुढे फेकत छातीवर घसरायचे. मग उकिडव्या बैठकीतून. मग दोन पावले चालत. हनुवटी वर आणि तळवे उघडे असले पाहिजेत. पळत येऊन सूर मारायची परवानगी ज्याची त्यानेच मागायची, असे ठेवले आहे. जे घाबरतात त्यांना कोणी ढकलत नाही, आणि म्हणूनच असेल, रांगेत सर्वांत पुढे आता तेच असतात.

२२ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मग विधानसभेची निवडणूक. शाळेत मतदान केंद्र असल्याने मैदान दोन दिवस बंद होते. काल सराव पुन्हा सुरू झाला. मुलगे जवळपास सगळे परतले आहेत. पाचवीतला तो मुलगा आला आहे आणि लहान भावालाही घेऊन आला आहे.

मुली मात्र कमी आहेत, आणि त्यांतही तेरा वर्षांच्या. सराव आवडत नाही म्हणून त्या थांबल्या असे चिठ्ठ्यांवरून वाटत नाही. आमच्याकडे पूर्वी राज्य स्पर्धा खेळलेल्या एक ताई प्रशिक्षक म्हणून येतात. त्या घरोघरी जाऊन आल्या. त्यांनी आणलेली कारणे साधी आहेत. शाळा पाचला सुटते, सराव साडेसहापर्यंत चालतो आणि या दिवसांत सहाच्या आत सूर्य मावळतो. अंधारात एकटीने परत यायचे नाही, हे घरचे म्हणणे. दुसरे कारण मुलींनी फक्त ताईंनाच सांगितले : शाळा सुटल्यावर स्वच्छतागृहाला कुलूप लागते, आणि पाळीच्या दिवसांत ही अडचण सांगायची कोणाला, म्हणून चार दिवस न येणे, मग आठ दिवस, मग कायमचेच. खेळातली गोडी, कौशल्य, प्रश्न विचारण्याची पद्धत या सगळ्याचा विचार आम्ही केला. त्या कुलपाचा विचार करायला पुरुष प्रशिक्षकांना नोव्हेंबर उजाडावा लागला. हे आमच्या गावापुरते असेल असे वाटत नाही.

सकाळचा सराव सुचवला गेला, पण सकाळी पाणी भरणे आणि स्वयंपाकाला हातभार लावणे मुलींकडेच असते.

२० जानेवारी २०२५

काल दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली महिला संघाने नेपाळला ७८-४० असे आणि प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली पुरुष संघाने नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आज मैदानावर नव्या मुलांची झुंबड उडाली. काहींच्या आया हात धरून घेऊन आल्या होत्या.

हीच जूनमधली गर्दी आहे, फक्त महिना वेगळा. नव्यांना रांगेत उभे केले नाही. चौथे आणि पाचवे छोटे मैदान कडेला आखले आणि जुन्या मुलांतल्या दोघा-दोघांना एकेक मैदान दिले. गुडघा दुखणारा तो उंच मुलगा पंच झाला. त्याने नव्यांना सांगितलेले नियम मी ऐकले : आधी उठू नको, मागून खो दे, मधली पट्टी ओलांडू नको. दिशेचा फाऊल धरू का, असे एकाने विचारल्यावर तो म्हणाला, "आत्ता नको, घाबरतेत."

३ फेब्रुवारी

कार्यकारिणीपुढे ठेवायचे मुद्दे तयार केले. छोटी मैदाने पुढच्या हंगामातही ठेवावीत. मोठे मैदान आठवड्यातून एकदाऐवजी ऑक्टोबरपासून दोनदा घ्यावे, कारण साखळी खेळताना आमच्या मुलांचा दम लवकर सुटतो हे तालुका फेरीत स्पष्ट दिसले. १२ वर्षांखालील मुलांसाठी शेजारच्या दोन गावांशी मिळून महिन्याला एक खेळ दिवस घ्यावा, त्यात संघ त्याच दिवशी सरमिसळ करून पाडावेत आणि चषक नसावा. या शेवटच्या मुद्द्याला विरोध होईल. चषक नसेल तर पाहुणा कोणाला बोलवायचे, हा प्रश्न आत्ताच विचारला गेला आहे.

नोव्हेंबर ते जानेवारी सराव पाच ते पावणेसहा असा आखडता घेतला तर मुली उजेडात घरी पोचतात. गेल्या महिन्यात तसे करून पाहिले आणि थांबलेल्यांपैकी काही जणी परत आल्या. मुली आता गल्लीवार गट करून जातात. स्वच्छतागृहाच्या कुलपाची दुसरी किल्ली मुख्याध्यापकांनी ताईंकडे दिली आहे. हौदासाठी दोन ब्रास वाळू आणि खांबांसाठी गुळगुळीत लाकूड एवढाच खर्च मागायचा आहे. त्याचे दरपत्रक बैठकीआधी जोडायचे राहिले आहे.